जामखेडचे रुग्णालय आणि भोर-वेल्ह्यापुढचा प्रश्न
(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी कार्यक्रमातील व्याख्यानाचा मजकूर)



पन्नास वर्षे हा संस्थेच्या आयुष्यातील मोठा टप्पा होय. या टप्प्यावर मागील कार्याचा आढावा घ्यावा आणि पुढील कार्याचा संकल्प करावा, ही आपली रीत आहे. आपल्या परंपरेत आहारदान, औषधदान, शास्त्रदान आणि अभयदान अशी चार दाने सांगितली आहेत. त्यांपैकी औषधदानाचा विषय आजच्या व्याख्यानासाठी निवडला आहे. सुवर्णमहोत्सव आला की आरोग्यासाठी काहीतरी भरीव करावे, दवाखाना बांधावा, रुग्णालय उभारावे, असा विचार सर्वच समाजांत होतो. हा विचार स्तुत्य आहे यात शंका नाही. मात्र रुग्णालय बांधणे आणि रुग्णालय चालवणे ही दोन वेगवेगळी कामे आहेत. पहिले काम एका समारंभात पूर्ण होते. दुसरे काम रोज नव्याने करावे लागते. लहान गावाच्या रुग्णालयाचा इतिहास पाहिला, तर त्याचे यश बहुतांशी या दुसऱ्या कामावर अवलंबून असल्याचे दिसून येते.

प्रथम आपल्या भूमीकडे पाहू. नीरा नदीच्या काठी वसलेले भोर हे पंतसचिवांच्या संस्थानाचे राजधानीचे गाव. १९४८ साली संस्थान विलीन झाले आणि भोर तालुक्याचे ठिकाण झाले. शेजारी राजगड आणि तोरण्याच्या पायथ्याचा वेल्हे तालुका. त्याला राजगड हे नाव देण्याचा निर्णय अलीकडे झाला असला, तरी लोकांच्या तोंडी आजही वेल्हेच आहे. हिरडस मावळ, वेळवंड खोरे, गुंजण मावळ, कानद खोरे ही नावे उच्चारली की डोळ्यांसमोर येतात ते डोंगर, धरणांचे पाणी आणि त्यांच्या कडेने विखुरलेल्या वाड्यावस्त्या. भोरहून कापूरहोळला आले की महामार्ग मिळतो. वेल्ह्याहून चेलाडीला यावे लागते. तेथून पुणे जवळ वाटते. परंतु खोऱ्याच्या शेवटच्या टोकाला राहणाऱ्या माणसासाठी भोर किंवा वेल्हे गाठणे हाच मोठा प्रवास असतो. पावसाळ्यात ओढे भरले, दरड कोसळली, की आजाऱ्याला झोळीत घालून खाली आणण्याची पाळी येते.

अशा प्रदेशात माणसे कशाने दगावतात, याचा विचार वैद्यकशास्त्राने बारकाईने केला आहे. बाळंतिणींच्या मृत्यूंचा अभ्यास करून सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन या दोन अभ्यासकांनी १९९४ साली ‘तीन विलंबां’चा सिद्धान्त मांडला. पहिला विलंब घरात होतो. रुग्णाला दवाखान्यात न्यायचे की नाही, हे ठरायलाच वेळ लागतो. दुसरा विलंब रस्त्यावर होतो; वाहन मिळत नाही, वाट धड नसते. तिसरा विलंब रुग्णालयाच्या दारात होतो. तेथे डॉक्टर नसतात, रक्त नसते, भूल देणारा तज्ज्ञ नसतो. प्रसूतीनंतर जोराचा रक्तस्राव सुरू झाला, तर अवघ्या दोन तासांत बाई दगावू शकते. हे दोन तास तिन्ही विलंबांत वाटले गेले, म्हणजे हाती काय उरते याचा हिशोब आपणा व्यापाऱ्यांना वेगळा सांगण्याची गरज नाही. नवी इमारत या तिघांपैकी फार तर तिसऱ्या विलंबाला हात घालते, आणि तोही इमारतीत माणसे असतील तरच.

तिन्ही विलंबांवर एकाच वेळी उपाय करणारे एखादे रुग्णालय महाराष्ट्रात झाले आहे काय? होय, झाले आहे. ते आपल्यासारख्याच एका लहान बाजारपेठेच्या गावी झाले. ते गाव म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील जामखेड.

डॉ. रजनीकांत आरोळे यांचा जन्म १९३४ साली राहुरीचा. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकत असताना मेबेल या हुशार सहाध्यायिनीशी त्यांचा परिचय झाला. १९६० साली दोघे विवाहबद्ध झाले आणि आयुष्य खेड्यातील गरिबांच्या सेवेत घालवण्याचा निश्चय त्यांनी केला. आरंभी नेवासे तालुक्यातील वडाळा येथील मिशन रुग्णालयात दोघांनी काम केले. रुग्णांची रांग संपत नसे. दोघेही दिवसरात्र राबत. काही काळाने त्यांच्या ध्यानात आले की, बरी होऊन गेलेली मुले थोड्याच दिवसांत त्याच जुलाबाने, त्याच अशक्तपणाने पुन्हा दारात उभी राहतात. येणाऱ्या आजारांपैकी बहुसंख्य आजार मुळात टाळता येण्याजोगे होते. अस्वच्छ पाणी, अपुरे अन्न आणि अज्ञान ही कारणे जोवर गावात होती, तोवर रुग्णालयात कितीही उपचार केले तरी रांग कमी होणार नव्हती.

हा प्रश्न मनात घेऊन आरोळे दांपत्य अमेरिकेत गेले. तेथे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात डॉ. कार्ल टेलर यांच्यासारख्या गुरूंकडे त्यांनी सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेतले. परत येताना त्यांच्या मनात एक अट पक्की होती. जेथील लोकांना हे काम हवे असेल, जेथील लोक स्वतः पुढे येऊन भार उचलतील, तेथेच काम सुरू करायचे. जामखेडच्या प्रमुख मंडळींनी त्यांना बोलावले. जागा म्हणून जनावरांच्या दवाखान्याची जुनी, वापरात नसलेली वास्तू दिली. सप्टेंबर १९७० मध्ये तेथे काम सुरू झाले. जगभर ज्याचे नाव झाले, त्या प्रकल्पाचा आरंभ असा गुरांच्या दवाखान्यात झाला, ही गोष्ट सुवर्णमहोत्सवी संकल्प करताना लक्षात ठेवण्यासारखी आहे. दालनावर कोणाचे नाव लावावे, हा प्रश्न तेथे उद्भवलाच नाही; कारण नाव लावण्याजोगे दालनच नव्हते.

आरंभी लोकांना उपचार हवे होते, आणि आरोळ्यांनी ते दिले. अडलेल्या बाळंतिणी, सर्पदंश, अपघात, तातडीच्या शस्त्रक्रिया यांतून लोकांचा विश्वास बसत गेला. दोघांचे लक्ष मात्र आसपासच्या खेड्यांकडे होते. पहिल्या टप्प्यात सुमारे ३० गावे आणि ४०,००० लोकसंख्या त्यांनी कार्यक्षेत्र म्हणून धरली. या गावांत प्रशिक्षित परिचारिका नेमाव्यात, म्हणजे प्रश्न सुटेल, असे त्यांना प्रथम वाटले. ते घडले नाही. बाहेरून आलेल्या तरुण मुली खेड्यात एकट्या राहायला तयार नव्हत्या, आणि गावातील अनुभवी बायका त्यांचे ऐकायला तयार नव्हत्या. तेव्हा एक सूचना गावकऱ्यांकडूनच आली: आमच्याच गावातली एखादी समजूतदार बाई घ्या आणि तिला शिकवा.

येथून जामखेडच्या कामाला खरे वळण लागले. प्रत्येक गावाने आपली बाई निवडली. यांतील कित्येक जणी निरक्षर होत्या, कित्येक दलित वस्तीतल्या, कित्येक विधवा किंवा परित्यक्ता होत्या. दर आठवड्याला त्या जामखेडला येत, एकत्र राहत, एकत्र जेवत आणि शिकत. निरनिराळ्या जातींच्या बायकांनी एका ठिकाणी झोपणे ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. पांघरुणे एकमेकांना शिवून एकच मोठे पांघरूण केले आणि त्याखाली साऱ्या जणी झोपल्या, ही आठवण जामखेडच्या इतिहासात आवर्जून सांगितली जाते. कापडाच्या व्यवसायातील मंडळींना या शिवणीचे मोल विशेष कळावे.

या बाया काय शिकल्या? बाळंतपणात हात, जागा आणि नाळ कापण्याचे साधन स्वच्छ कसे ठेवावे. मुलाचे वजन दर महिन्याला करून ते घटत असल्यास वेळीच कसे ओळखावे. जुलाब होताच एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा छोटे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ते पाणी मुलाला कसे पाजत राहावे. क्षयाचा आणि कुष्ठरोगाचा रुग्ण कसा हेरावा. आणि मुख्य म्हणजे कोणता रुग्ण आपल्या हातचा नाही, हे ओळखून त्याला विनाविलंब जामखेडला कसे धाडावे. आता ‘तीन विलंब’ पुन्हा आठवून पाहावेत. घरातला पहिला विलंब ही बाई मोडत होती. दुसऱ्या विलंबासाठी गावातले लोक वाहनाची व्यवस्था लावीत. तिसऱ्या विलंबासाठी जामखेडचे रुग्णालय सज्ज होते. गाव आणि रुग्णालय यांच्यामध्ये त्या बाईने पूल बांधला होता.

१९७२ चा भीषण दुष्काळ पडला तेव्हा लोकांनी डॉक्टरांना सांगितले की, औषध नंतर, आधी पाणी आणि अन्न द्या. आरोळ्यांनी ते मानले. मुलांसाठी गावोगावी सामुदायिक स्वयंपाकघरे सुरू झाली. कूपनलिका खोदल्या गेल्या, आणि त्यांतील कित्येक हातपंप हेतुपुरस्सर दलित वस्तीत बसवले गेले. तहान लागलेल्या गावाला पाण्यासाठी त्या वस्तीत जावेच लागले. शिवाशिव मोडण्यासाठी जे भाषणांनी झाले नसते, ते एका हातपंपाने केले. पुढे शेतकरी मंडळे व महिला मंडळे निघाली. झाडे लावणे, पाणी अडवणे, बचत करणे ही कामे त्यांनी हाती घेतली. रुग्णालयाच्या जमाखर्चात ही कामे कोठे मांडायची, असा प्रश्न एखाद्या हिशोबनिसाला पडेल. पण गावातली मुले आजारी पडण्याचे थांबले ते याच कामांनी.

याचे फळ आकड्यांत दिसते. १९७१ साली त्या गावांत जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी १७६ बालके वर्षाच्या आत दगावत. म्हणजे जवळजवळ सहा मुलांमागे एक. १९९० च्या दशकात हेच प्रमाण हजारी ३० च्या खाली आले. व्यापारी दृष्टीने पाहता ही विलक्षण गोष्ट आहे. गिऱ्हाईक कमी झाले म्हणून आनंद मानणारी पेढी जगात विरळाच. जामखेडच्या रुग्णालयाने जुलाब, धनुर्वात, कुपोषण या आजारांचे आपले गिऱ्हाईक स्वतःच्या हाताने कमी केले आणि त्यालाच नफा मानले.

या कार्याची दखल जगाने घेतली. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात जामखेडच्या प्रयोगाला स्थान मिळाले. १९७८ साली आल्मा आटा येथील परिषदेत प्राथमिक आरोग्यसेवेचे जे धोरण जगाने स्वीकारले, त्यामागे अशा मोजक्या प्रयोगांचा अनुभव होता. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून ‘आशा’ कार्यकर्ती गावोगावी आली, त्या कल्पनेच्या पूर्वसूरींत जामखेडच्या या निरक्षर बायांची गणना होते. मेबेल आरोळे १९९९ साली आणि डॉ. रजनीकांत २०११ साली निवर्तले. त्यांच्या मागे मुलांनी हे काम सांभाळले. संस्थापक गेल्यावरही काम टिकते, तेव्हाच ती संस्था झाली असे म्हणावे.

जामखेडच्या मुक्ताबाई पोळ या आरोग्य कार्यकर्तीची गोष्ट येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. १९८८ साली वॉशिंग्टन येथे एका मोठ्या आरोग्य परिषदेत त्यांना बोलावले होते. सभागृहात भव्य झुंबरे लखलखत होती. मुक्ताबाईंनी त्यांच्याकडे बोट दाखवून डॉक्टरांची तुलना त्या झुंबरांशी केली. झुंबर सुंदर खरे. पण महाग, आणि ते पाहायला लांबून यावे लागते. मग त्यांनी आपल्याजवळचे साधे वातीचे दिवे काढले. एका दिव्याने दुसरा लावला. झुंबराला जे साधत नाही, ते या दिव्याला साधते, असा त्यांचा आशय होता. साऱ्या सभागृहाने उभे राहून त्यांना दाद दिली. खेड्यातील एका बाईने आरोग्यव्यवस्थेचे सारे शास्त्र दोन दिव्यांत सांगितले.

जामखेडचा मार्ग हा एकमेव मार्ग नव्हे. पुणे जिल्ह्यातच याला समांतर उदाहरण आहे. डॉ. बानू कोयाजी १९४४ साली पुण्याच्या केईएम रुग्णालयात रुजू झाल्या, तेव्हा ते जेमतेम ४० खाटांचे प्रसूतिगृह होते. त्यांच्या कारकिर्दीत ते शेकडो खाटांचे मोठे रुग्णालय झाले. तरीही शहरात बसून खेड्याचे आरोग्य सुधारत नाही, हे ओळखून १९७० च्या दशकात त्यांनी शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुक येथे ग्रामीण आरोग्याचे काम उभे केले. तेथेही गावातलीच माणसे निवडून त्यांना आरोग्याचे शिक्षण दिले गेले. १९९३ साली त्यांनाही मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आरोळे दांपत्य ख्रिस्ती, बानूबाई पारशी. दोघांनी सेवा केली ती कोणत्याही जातिधर्माच्या रुग्णाची. आपल्या समाजानेही हीच वाट चोखाळली आहे. आचार्य आनंदऋषीजी महाराजांच्या स्मृत्यर्थ जैन सोशल फेडरेशनने अहमदनगर येथे उभारलेले रुग्णालय सर्वांसाठी खुले आहे.

तिसरे उदाहरण तर आपल्या अगदी दाराशी आहे. भोरहून वरंधा घाट उतरला की महाड. या परिसरातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७० च्या दशकात डॉ. हिम्मतराव बावस्कर नोकरीला लागले. कोकणात लाल विंचवाच्या दंशाने माणसे, विशेषतः लहान मुले, पटापट दगावत. डॉ. बावस्करांनी प्रत्येक रुग्णाच्या उशाशी बसून नोंदी ठेवल्या. विष हृदयावर आघात करते, फुप्फुसात पाणी साठते आणि मृत्यू येतो, हे त्यांनी पाहिले. १९८२ साली त्यांची निरीक्षणे ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध नियतकालिकात छापून आली. पुढे रक्तदाबावरील प्राझोसिन या स्वस्त गोळीचा उपयोग त्यांनी या रुग्णांवर केला आणि पूर्वी शंभरातील सुमारे ४० रुग्ण दगावत, ते प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. येथेही इमारत साधीच होती. होता तो मुक्कामाला राहणारा डॉक्टर आणि त्याची नोंदवही.

या तीन उदाहरणांवरून भोर-वेल्ह्यासाठी कोणता बोध घ्यावा? आपल्या भाषेत, म्हणजे जमाखर्चाच्या भाषेत, तो मांडता येईल. ताळेबंदात भांडवली खर्च आणि चालू खर्च वेगळे मांडतात. इमारत, यंत्रसामग्री, रुग्णवाहिका हा भांडवली खर्च. त्याला देणगीदार सहज मिळतो, कारण त्यावर नाव कोरता येते. पगार, औषधे, वीज, डिझेल, दुरुस्ती हा चालू खर्च. त्यावर नाव कोरता येत नाही, म्हणून त्याला कोणी पुढे येत नाही. कापड दुकानाची वास्तू कितीही देखणी असली तरी फळीवर ताका नसेल, तर गिऱ्हाईक पायरीवरूनच परत फिरते. औषधाविना आणि परिचारिकेविना उभे असलेले रुग्णालय असेच असते.

एक साधा हिशोब करून पाहू. रुग्णालयात एका जागी दिवसरात्र एक परिचारिका हजर हवी असेल, तर आठवड्याचे तास होतात १६८. एक परिचारिका आठवड्यात ४८ तास काम करते असे धरले, तर भागाकार येतो साडेतीन. रजा, आजारपण, सणवार धरून किमान चार परिचारिका लागतात. म्हणजे कागदावर ‘एक जागा’ दिसते, ती भरायला चार पगार लागतात. शस्त्रक्रियेने प्रसूती करायची तर स्त्रीरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ आणि साठवलेले रक्त ही चारही अंगे एकाच वेळी हजर असावी लागतात. चारांपैकी एक नसले, तर उरलेली तीन असूनही बाईला पुण्यालाच न्यावे लागते. शस्त्रक्रियागृह बांधून दिल्याने हा प्रश्न सुटत नाही.

भोरला आणि वेल्ह्याला शासकीय रुग्णालये आहेत, खोऱ्यांत प्राथमिक आरोग्य केंद्रे आहेत, गावोगावी आशाताई आहेत, २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा आहे. ही मोठी मालमत्ता आहे आणि ती लोकांच्या कररूपी पैशांतून उभी आहे. तिच्या शेजारी स्पर्धेची दुसरी पेढी काढण्यापेक्षा, तिच्यात जेथे फट आहे तेथे समाजाने शिवण घालावी, हे अधिक शहाणपणाचे ठरेल. शासकीय रुग्णालयांत रुग्ण कल्याण समित्या असतात. तेथे जाऊन, काय कमी आहे, असे विचारता येते. कोठे रक्त साठवण्याची सोय कमी असेल, कोठे एखाद्या परिचारिकेचे मानधन, कोठे औषधांचा तुटवडा, कोठे बाळंतिणीच्या नातेवाइकांच्या जेवणाची आणि मुक्कामाची सोय. आहारदान आणि औषधदान तेथे एकाच दारी घडेल.

पुण्याला जावे लागणाऱ्या गरीब रुग्णासाठीही काम आहे. सार्वजनिक न्यास कायद्याच्या कलम ४१ कक आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मान्य केलेल्या योजनेनुसार मोठ्या धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवायच्या असतात. वेल्ह्याच्या टोकाच्या वाडीतल्या माणसाला हे ठाऊक नसते. ठाऊक असले तरी कोणता दाखला कोठे द्यायचा, हे समजत नाही. कागदपत्रे समजणारे, चार ठिकाणी फोन करू शकणारे तरुण आपल्या समाजात भरपूर आहेत. आठवड्यातले काही तास त्यांनी या कामाला दिले, तर त्यासाठी एक वीटही लागणार नाही.

आणि निधीचे काय? व्यापारी समाजाला स्थायी निधीची कल्पना नवी नाही. मुद्दल अबाधित ठेवून केवळ व्याजातून खर्च भागवावा, खर्चाचे दरवर्षी लेखापरीक्षण व्हावे, आणि किती रुग्णांना काय मदत झाली याचा फलक सर्वांना दिसेल असा लावावा. देणगीदाराचे नाव द्यायचेच असेल, तर ते भिंतीवर न देता या वार्षिक हिशोबात द्यावे. भिंत एकदाच रंगते. हिशोब दरवर्षी लिहावा लागतो, आणि दरवर्षी लिहावा लागतो म्हणूनच तो संस्थेला जागे ठेवतो.

खेड्यातील आशाताईंना, दाईंना, अंगणवाडी सेविकांना आपण किती मान देतो, यावरही पुष्कळ अवलंबून आहे. जामखेडच्या बायांना सर्वांत मोठे काही मिळाले असेल, तर ती प्रतिष्ठा. गावाने ज्यांना ओवाळून टाकले होते, त्यांना गावाने आपले आरोग्य सोपवले. आपल्या कार्यक्रमांत डॉक्टरांचा सत्कार होतो, तो योग्यच आहे. त्याच व्यासपीठावर हिरडस मावळातल्या एखाद्या आशाताईचाही सत्कार व्हावा. पावसात वाडीवर जाऊन बाळाचे वजन करणारी ती बाई पहिला विलंब मोडत असते. तिच्यावाचून बाकीची सारी व्यवस्था थांबून राहते.

पन्नास वर्षांपूर्वी ज्या मंडळींनी ही संस्था स्थापन केली, त्यांच्याकडे साधने अल्प होती. पण आजच्या पिढीला काही देऊन जाण्याची दृष्टी होती. पुढील पन्नास वर्षांनंतर शताब्दीच्या वेळी या दोन तालुक्यांतील एखादी वृद्धा आपल्या नातवाला सांगेल की, रात्री-अपरात्री वेळेवर गाडी आली, दवाखान्यात सिस्टर जागी होती, रक्त मिळाले, म्हणून तुझा बाप आज जिवंत आहे. तिला कोणत्या ट्रस्टने ते पैसे दिले हे ठाऊक नसेल. ठाऊक नसणे हेच त्या दानाचे मोठेपण होय.